राजाचा शिक्का आणि आईचं वस्त्र

लहानांनो, आणि लहानांच्या मागे बसून हळूच कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका राज्यात एक विणकरीण राहत होती. घरात ती आणि तिची म्हातारी आई. तिसरा म्हणाल तर माग.

विणकरणीचं विणणं जगावेगळं होतं. मागावर बसताना काय विणायचं, हे तिलाच ठाऊक नसे. धोटा फिरू लागला की हात आपोआप रंग निवडत. कधी पाण्यावरचं ऊन उतरे, तर कधी शेजारणींचं भांडण! लोक तिचं वस्त्र पांघरत, त्यात तान्ह्या बाळाला गुंडाळत, आणि सणाला तेच भिंतीवर टांगत.

आई आता फार थकली होती. एके सकाळी ती म्हणाली, "पोरी, मी जाईन तेव्हा माझ्या अंगावर तुझ्या हातचं वस्त्र घाल. बाकी मला काही नको."

"असं बोलू नकोस गं आई. पण विणते. आजच बसते."

नेमकी त्याच दिवशी दवंडी पिटली गेली. राजाला नीटनेटकेपणाचं भारी वेड. त्याने फर्मान काढलं की, हाताने घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का हवा. कलेचा शिक्का चित्रशाळेत मिळेल, कारागिरीचा पेठेत, आणि आखणीचा नमुनाघरात. ज्या मागावर शिक्का नसेल, तो मोडून चुलीत घालावा.

विणकरीण घाबरली. माग गेला तर आईचं वस्त्र कशावर विणायचं? एक जुनं वस्त्र काखेत मारून ती चित्रशाळेत गेली. तिथले आचार्य ते पाहून हरखले. मग त्यांनी विचारलं, "हे अंगावर घेता येतं का?"

"येतं की. ऊबही छान देतं."

आचार्यांचा चेहरा पडला. "मग ही कला कशी, बाई?"

तिने घरी येऊन ते वस्त्र दाट खळीत बुडवलं आणि फळीसारखं कडक केलं, म्हणजे कुणी पांघरायलाच नको. आचार्य खूश झाले. "वस्त्रावर शिक्का मारतो," ते म्हणाले, "पण माग म्हणजे अवजार. त्याचा शिक्का पेठेत."

घरी आईने विचारलं, "माझं वस्त्र मागावर लावलंस का गं?"

"एवढा शिक्का मिळू दे, आई. तुझ्यासाठीच तर धावतेय."

पेठेतल्या महाजनांनी तिच्याकडे उरलेलं एकमेव वस्त्र चोळून पाहिलं. "माल चोख आहे. अगदी असंच आणखी एक आण." तसं आणखी एक असणार कुठून? तिलाही ते पुन्हा विणता आलं नसतं. महाजनांनी खांदे उडवले आणि ते वस्त्र मासला म्हणून ठेवून घेतलं. "मग नमुनाघरातून आखलेला नमुना घे आणि त्यावरहुकूम वीण. दोन वस्त्रं जुळली की शिक्का तुझा."

नमुनाघराने नमुना दिला. चौकडीला चौकडी, रेघेला रेघ.

आता विणकरणीच्या घराण्यात एक रीत होती. वस्त्र उतरवताना मागावरचे उभे धागे पुरते कापायचे नाहीत. त्यांची टोकं ठेवायची आणि नव्या धाग्यांच्या गाठी त्यांनाच मारायच्या. तसं केलं की माग लगेच विणायला तयार होतो. आजीच्या धाग्याला आईचा धागा, आईच्या धाग्याला तिचा, असं ते चालत आलं होतं. पण नव्या नमुन्याला फणी, म्हणजे उभे धागे ओवायचा मागाचा कंगवा, वेगळी लागणार होती, आणि जुनी टोकं जुन्या फणीत ओवलेली होती. विणकरीण क्षणभर थांबली. मग तिने कात्री घेतली आणि सगळी टोकं कापून टाकली.

दोन वस्त्रं झाली, आणि महाजनांना दाखवायच्या घाईत तिने तीही पुरती कापून उतरवली. तंतोतंत जुळली. मागावर राजाचा शिक्का बसला.

धावतच ती आईच्या उशाशी आली. "आई, मिळाला शिक्का! आता बसते."

आईला धाप लागली होती. विणकरणीने रिकाम्या मागापाशी बसकण मारली आणि फणी चाचपली. गाठ मारायला एकही टोक उरलं नव्हतं. आता एकेक धागा फणीतून ओवायचा, म्हणजे कित्येक दिवसांचं काम. तरी ती ओवू लागली. घाईत धागे निसटत होते.

"माग का वाजत नाही गं?" आईने विचारलं.

"वाजेल, आई. आत्ता वाजेल."

आई मागाकडे कान लावून पडून राहिली. संध्याकाळी ती गेली, तेव्हा निम्मेही धागे ओवून झाले नव्हते.

खळीचं वस्त्र काही केल्या अंगाभोवती वळेना. शेवटी आईला नमुन्याचं वस्त्र पांघरून नेलं. वाटेवरच्या दुकानात हुबेहूब त्याच चौकड्या लटकत होत्या.

पुढे विणकरणीने सगळे धागे ओवले. माग सज्ज झाला. पण धोटा उचलला की तिची नजर दाराकडे जाई. हा रंग चालेल का? याला काय म्हणतील? हात तसाच अधांतरी राही. शेवटपर्यंत तिच्या मागावर शिक्का होता, वस्त्र नव्हतं.

तात्पर्य : आपल्या कामाला काय म्हणायचं हे दारोदार विचारत फिरणाऱ्याच्या हातून ते काम जातं, आणि ज्याच्यासाठी ते करायचं ते माणूसही.