लाखातलं शेवटचं पान

ऐका बायांनो, बेलावरच्या अळीची गोष्ट. फार पूर्वी भागीरथीबाईंनी महादेवाला लाख बेल वाहायचा नेम धरला. रानातला बेल ओरबाडून एक कमी लाख पानं वाहून झाली. झाडावर एकच पान उरलं, त्यावर अळी बसलेली.

"सरक गं, माझा नेम अडलाय."

"आणि माझं जेवण," अळी म्हणाली. "हे खाल्लं की मला पंख फुटतील. देवानं इतक्यांतलं एक तरी खाल्लं का, बाई?"

बाईंनी आठवून पाहिलं. नव्हतं खाल्लं. त्या हात जोडून रिकाम्या परतल्या.

पुढे एका सोमवारी पिंडीवर फुलपाखरू येऊन बसलं. बाईंनी ओळखलं.

"महादेवा," त्या म्हणाल्या, "लाख पूर्ण झाले."

अळीला पान मिळालं, तसं सर्वांना मिळो.