कळ आली तेव्हा

"वेदना देहाची असते, माझी नाही. असंच ना, आई?"

"असं म्हणतात खरं." रेवाआई भाकरी थापत होत्या. "मग ओठ कोण चावतंय?"

हेमांगीनं चावलेला ओठ सोडला.

डोंगरावरच्या त्या लहानशा मठात ती रेवाआईंकडे शिकायला राहिली होती. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख आणि दोन्हींचा अभिमान. संध्याकाळी तिचं पहिलं प्रवचन होतं आणि सकाळीच पाळी आली होती. पोटात पिळवटून कळा येत होत्या. त्याहून वाईट छातीतली ती धडधड… पाळी जवळ आली की आधीच सुरू व्हायची.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही. शेक घे, आराम कर, दुखणं वाढलं तर लगेच ये, असं बजावलं होतं. हेमांगीनं यातलं काहीच केलं नव्हतं.

रेवाआईंनी ओवा-सुंठीचा काढा पुढे सरकवला.

"नको. काढा घेतला तर मी हरले."

"कोणाशी?"



तेवढ्यात दर्शनाला आलेली तुळसा, पायथ्याच्या वाडीतली नवी सून, दाराशीच पोट धरून खाली बसली.

"पाळीनं जीव चाललाय, आई. घरी सांगायची लाज वाटते."

रेवाआईंनी पिठाचे हात दाखवले. "हेमांगी, तूच बघ हिच्याकडे."

हेमांगी उठली. आपल्यापुढचा काढा तिनं तुळसाला पाजला. तिळाचं तेल कोमट करून ओटीपोटाला हलक्या हातानं लावलं. मीठ तव्यावर तापवून पुरचुंडी बांधली आणि शेकत बसली.

"भिऊ नकोस. श्वास सावकाश सोड… अजून सावकाश. मी आहे इथंच."

हळूहळू तुळसाचा चेहरा सैलावला. तिचा डोळा लागला.

"हिला का नाही सांगितलंस," रेवाआई हलकेच म्हणाल्या, "की वेदना तुझी नाही?"

"ती… कळवळत होती, आई."

रेवाआईंनी हात धुतले. काढ्याचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.

या वेळी हेमांगीनं पेला हातात घेतला. पोटाशी शेक धरून ती उन्हं कलेपर्यंत पडून राहिली. थोडी रडलीसुद्धा.

मग उठून तोंड धुतलं.

"प्रवचन पुढं ढकलायचं का?" रेवाआईंनी विचारलं.

"नाही. मी बोलणार. पण भिंतीला टेकून, शेक घेऊन. कुणी विचारलं तर खरं तेच सांगेन."

मठाचं अंगण भरलं होतं. हेमांगीची वाणी सुरेख चालली होती. आणि ऐन रंगात कळ आली. शब्द निसटले. छाती धडधडू लागली.

तिनं पोटावर हात ठेवला.

"पाळीची कळ आलीय. जरा थांबते."

अंगणातली कुजबुज थांबली. तिनं डोळे मिटून श्वास सावकाश सोडला. एका म्हातारीनं पुढं होऊन तिच्या पाठीशी उशी सरकवली. मग हेमांगी पुन्हा बोलू लागली. आवाज आता धीमा होता, पण तिनं विषय शेवटाला नेला.

लोक पांगल्यावर ती रेवाआईंपाशी येऊन बसली.

"मधेच थांबावं लागलं, आई. तोवर किती छान चाललं होतं…"

"हो," रेवाआई म्हणाल्या. "थांबलीस, तेव्हा लोक ऐकायला लागले."