पिवळ्या पिसाची खूण

पक्षी घरटी विकत घेत, त्या काळची गोष्ट. एका सुगरणीची घरटी रानात सगळ्यात पक्की. प्रत्येक घरट्याच्या दाराशी ती एक पिवळं पीस खोचायची. ते दिसलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घरटं घ्यायचं.

सुतारपक्षी वडाच्या खोडावर ज्याच्या नावानं खूण कोरेल, त्याचीच ती खूण, असा रानाचा कायदा होता. तो म्हणाला, "सुगरणताई, तुमचं पीस कोरून घ्या."

ती हसली. "मला कोण ओळखत नाही? विणकाम सोडून रांगेत कोण उभं राहणार?"

कावळा रांगेत उभा राहिला. ज्याला विणता येत नाही, त्याला वेळच वेळ असतो. त्यानं पीस आपल्या नावानं कोरून घेतलं आणि काटक्यांच्या ढिगांवर पिवळी पिसं खोचून ते विकले. पहिल्याच वाऱ्यात पारवीची अंडी फुटली. ती भांडायला गेली सुगरणीकडेच!

सुगरण तणतणत वडाशी आली. न्यायाधीश घुबडानं खोड पाहून निकाल दिला, "पीस कावळ्याचं. बाई, तुमच्या घरट्यांवरची पिसं काढा."

ती रडत पिसं उपटू लागली, तेव्हा कावळा शेजारी येऊन बसला. तिचं घरटं हलवून पाहत तो कौतुकानं म्हणाला, "छान विणतेस गं. अगदी माझ्यासारखं!"