धाकू ट्रक बघतो आणि मुलगी बघतो

एका गावात एक भोळा धाकू होता. गाव समुद्राकाठचं. धाकूला आईबाप नव्हते, येसूआत्याने त्याला लहानाचा मोठा केला. सांगितलेलं काम तो कधी विसरत नसे. खरी पंचाईत तीच होती.

येसूआत्याचा किनाऱ्यावर धंदा होता. चार जाड चाकांची, वाळूतून धावणारी एक एटीव्ही आणि एक होडी. पाहुणे यायचे, एटीव्हीवर बसून किंचाळायचे, मग होडीत बसून पुन्हा किंचाळायचे. धाकू एटीव्ही झकास चालवी. गाडीशी बोलावं लागत नाही ना!

आत्याच्या मनात आलं, दरवेळी पाहुण्यांची वाट कशाला बघायची? जत्रा असेल त्या गावी आपणच जावं. त्यासाठी ट्रक हवा. बाजूचे फाळके नसलेला, सपाट पाठीचा. पाठीवर एटीव्ही चढवायची आणि मागे हुकाला होडीचा चाकांचा गाडा जोडायचा. वर एक, मागे एक.

शेजारच्या गावी तात्या मोंडकर जुने ट्रक विकत. त्यांना सुगंधा नावाची मुलगी होती. ट्रक आणि धाकूचं लग्न, आत्याने दोन्ही गोष्टी एकदमच काढल्या. तात्या म्हणाले, "आधी त्याला ट्रक निवडू दे. ज्याला धड ट्रक निवडता येत नाही, त्याला मी पोरगी देणार नाही."

धाकूने सुगंधाला एकदा बाजारात पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो मीठ समजून चहात साखर आणि साखर समजून आमटीत मीठ घालत होता. म्हणजे सगळं बरोबरच होत होतं, पण आत्याला काळजी वाटायला लागली होती.

"हे बघ," आत्या म्हणाली, "ट्रकाचं तोंड बघून भुलू नको. लोक पुढून रंग मारून ठेवतात. तू तोंडाकडे बघूच नको. पाठ बघ. सपाट पाहिजे."

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

धाकू तात्यांच्या आवारात गेला. एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरला, ट्रकांच्या तोंडांना वळसा घातला आणि मागच्या बाजूने एकेक पाठ बघत निघाला. कोणाची पाठ वाकडी, कोणाच्या पाठीला भोक. शेवटी एक सापडली. अहाहा! पोळपाटासारखी सपाट.

तात्या घरी नव्हते. सुगंधा होती.

"हाच हवा?" तिने विचारलं. "नक्की?"

"नक्की."

"पुढून बघणार नाही?"

"पुढून बघायचं नाही, असं आत्याने सांगितलंय."

सुगंधाने ओढणीत हसू दाबलं, ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली आणि माल आत्याच्या दारी पोचवला. आत्या बाहेर आली. तिने मागून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसली.

"धाकू, मेल्या! याचं तोंड कुठाय?"

खरंच नव्हतं. इंजिन नाही, केबिन नाही, नुसती पाठ आणि खाली चाकं.

"तोंडच नाही," धाकू खुशीत म्हणाला. "म्हणजे भुलायची भीतीच नाही!"

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, आधी तोंड नीट निरखून बघावं. हॉर्न वाजवायला लावावा. चार पावलं पुढे, चार पावलं मागे चालवून बघावं. किती ओढतो ते विचारावं. मग पसंत म्हणावं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

तात्या आले आणि पाठ परत घेऊन गेले. ते चिडलेच असते, पण सुगंधा त्यांना म्हणाली, "तात्या, सांगितलं तेवढं तंतोतंत ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला." मग तात्यांनी विचार केला, ट्रकाचं पुढे बघू, आधी पोहे होऊन जाऊ देत.

तर मंडळी, पोह्यांचा कार्यक्रम. पाटावर सुगंधा, समोर धाकू, बाजूला आत्या, तात्या आणि तात्यांची म्हातारी मावशी. धाकू उठला. सुगंधाच्या अगदी समोर उकिडवा बसला आणि तिचं तोंड निरखू लागला. डावीकडून निरखलं. उजवीकडून निरखलं.

"पुढचे दिवे छान आहेत," तो म्हणाला.

तात्या खाकरले.

"आता जरा हॉर्न वाजवा."

"काय?" तात्या म्हणाले.

पण सुगंधाने मान वर केली आणि "तात्याऽऽऽ!" अशी आरोळी ठोकली, की परसातल्या कोंबड्या माडावर चढायला लागल्या.

"झकास! आता चार पावलं पुढे, चार पावलं मागे."

"आमच्या वेळी असंच चालवून बघायचे हो," मावशी कौतुकाने म्हणाली. "हल्ली कोण एवढं मनावर घेतं!"

सुगंधा पुढे चालली, मागे चालली. धाकूने मान डोलावली आणि शेवटचा प्रश्न टाकला, "मागे होडी जोडली तर ओढाल का?"

आत्याने पदरात तोंड लपवलं.

"होडीचं काय घेऊन बसलात?" सुगंधा म्हणाली. "तुम्हालासुद्धा समुद्रापर्यंत ओढून नेईन."

"पसंत!" धाकू ओरडला.

तात्यांनी सरळ दार दाखवलं. "ट्रक निवड, नाहीतर पुन्हा इकडे फिरकू नकोस!"

वाटेत आत्याने धाकूचा कान धरला. "बघायला गेल्यावर असं वागतात? नजर खाली ठेवावी. नाव विचारावं. आवडनिवड विचारावी. मुकाट्याने पोहे खावेत. आणि लगेच पसंत म्हणू नये, 'घरी जाऊन कळवतो' म्हणावं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी धाकू ट्रक बघायला निघाला. इस्त्रीचा सदरा घातला आणि पोह्यांचा डबा घेतला. आवारात एका हिरव्या ट्रकासमोर मांडी घालून बसला. नजर खाली.

"आपलं नाव काय?"

ट्रक बोलेना. लाजत असेल, असं म्हणून धाकूने चमचाभर पोहे खाल्ले.

"आपल्याला कशाची आवड?"

हिरवा ट्रक गप्पच. पण पलीकडच्या निळ्या ट्रकाच्या आडून नाजूक आवाज आला, "मला ना, पाठीवर एटीव्ही घ्यायची फार आवड. आणि मागे हूक आहे माझा. होडी जोडली की मी अशी तुरुतुरु चालते!"

धाकूचे पोहे घशात अडकले. तो डबा उचलून निळ्या ट्रकासमोर जाऊन बसला. "स्वयंपाक येतो?"

"नाही. पण इंजिन शाबूत आहे, पाठ सपाट आहे आणि वडील भाव कमी करतील."

"घरी जाऊन कळवतो," धाकू म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने कळवलं.

आत्याने येऊन निळा ट्रक पाहिला. पाठ सपाट, हूक पक्का, तोंड जागच्या जागी. तात्यांनी मान डोलावली. लग्न ठरलं!

लग्नाच्या दिवशी धाकूने एटीव्ही ट्रकावर चढवून दोरखंडाने बांधली आणि मागे होडी जोडली. आत्या आणि सगळं वऱ्हाड होडीत बसलं. वाजंत्री वाजू लागली, ट्रक निघाला. पण धाकूला आत्याची काळजी. तो सारखा मान वळवून मागे बघायचा. बघता बघता ट्रक एका गवताच्या उडवीत घुसला. वऱ्हाडाच्या फेट्यांत गवत, ताशात गवत, आत्याच्या नथीत गवत.

"मागे काय बघतोस?" आत्या कडाडली. "मागचं मागून येतं! मागे वळून म्हणून बघायचं नाही. नाकासमोर बघायचं आणि चालायचं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

लग्न थाटात लागलं. नवरदेव एटीव्हीवरून मांडवात आला, म्हणून ती खाली उतरवली होती. पोरांना खेळायला होडीचा गाडाही सोडला होता. निघायची वेळ झाली. सुगंधा रडली, तात्या तिच्याहून जास्त रडले. वऱ्हाड होडीत बसलं. 'पोरीला पोचवून येतो' म्हणत तात्याही चढले. सुगंधा पदर सावरत ट्रकाकडे निघाली.

धाकू ट्रकात बसला. नाकासमोर पाहिलं. आणि निघाला.

"अहो! अरे! थांब!" मागे एकच कल्लोळ. धाकू मनाशी म्हणाला, "काय खुशीत आहेत सगळे!"

तो घरी पोचला तेव्हा दारात शेजारची गोदाकाकी तांदळाचं माप घेऊन उभी होती. तिने ट्रकात डोकावून पाहिलं.

"धाकू, नवरी कुठाय?"

"मागे."

"मागे कोणी नाही रे!"

"असेल. मागे बघायचं नाही असं आत्याने सांगितलंय."

तो उतरला आणि रस्त्याकडे पाठ करून दाराशी उभा राहिला. पण काकीचा चेहरा बघून त्याच्या मनात आलं, सुगंधा खरंच आली नाही तर? बिचाऱ्याने तरी मान वळवली नाही.

तेवढ्यात फटफट फटफट आवाज आला. शालूचा पदर कमरेला खोचून सुगंधा एटीव्हीवर बसली होती. मागे होडी. होडीत आत्या, तात्या, मावशी, वाजंत्री, सगळे धुळीने माखलेले.

तात्या होडीतून उतरले, राग गिळला आणि हात जोडले. "जावईबापू, विसरलेली पोरगी आणून पोचवली. आता तरी नीट बघा आणि घरात घ्या."

बघा म्हटल्यावर धाकूला लख्ख आठवलं. त्याने झटकन नजर खाली घातली.

"घरी जाऊन कळवतो," तो म्हणाला.

आणि घर समोरच असल्यामुळे तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

सुगंधाने होडीचा गाडा सोडला, एटीव्हीला दोरखंड बांधला, त्याचं दुसरं टोक दाराच्या कोयंड्यात अडकवलं आणि एटीव्ही सुरू केली. करकर करत दार निघालं, अंगणात आडवं पडलं, आणि आतली कडी घट्ट धरलेल्या धाकूला घेऊन एटीव्हीमागे घसरत निघालं.

"कळवतो! पसंत आहे! पसंत आहे!" तो ओरडत होता.

पण सासूबाईंच्या जागी असलेल्या आत्याचा शब्द सुगंधाने पहिल्या दिवसापासून मानला. समुद्र येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.