मुका मांडव

एका गावात केरूअण्णा नावाचे बागाईतदार होते. कारली पिकवावीत तर त्यांनीच, असं लोक म्हणत. त्यांचे मांडव दोन. रस्त्याकडेचा मोठा, बाजारासाठी. त्यावर दर आठवड्याला औषधाचा फवारा. स्वयंपाकघरामागचा लहानसा, घरच्या ताटासाठी. त्यावर थेंबही नाही. गावात सगळ्यांचीच ही रीत, त्यामुळे कुणाला ती दिसतही नसे.

नव्या सुनेला, वैजूला, ती लगेच दिसली. ती बोलली नाही. नव्या सुनेनं बोलायचं नसतं. बघायला मात्र कुणी मनाई केलेली नसते.

त्या हंगामात मोठा मांडव पिवळ्या फुलांनी भरला, पण फळ धरेना. फुलामागची टाचणीएवढी कारली सुकून गळत. वैजू भरदुपारी आत शिरली. किडा नाही, मुंगी नाही, पाखराची सावली नाही. स्वतःच्याच बांगड्या वाजल्या आणि ती दचकली. घरामागच्या वेलावरून एक मधमाशी आली, मांडवाच्या कडेशी थबकली आणि भिंत लागावी तशी मागे फिरली.

"दृष्ट लागलीय," सासूबाई म्हणाल्या.

"रोग आहे. औषध दुप्पट करतो," अण्णा पंप पाठीला लावत म्हणाले. "हा माल गेला तर वर्ष गेलं."

"मामंजी," वैजू हळूच म्हणाली, "दृष्ट लागायला बघणारं कुणीतरी यावं लागतं. तिथं कुणी येतच नाही. फवारण्याआधी जरा कान देऊन उभं राहाल?"

"का गं, कारली गाणी म्हणतात होय?"

अण्णा हसत आत गेले. हसू आतच विरलं. जन्म ज्या रानात गेला, तिथं त्यांना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाहेर आले तेव्हा पंप पाठीवरून उतरला होता.

त्यांनी औषध मारणं सोडलं. गळून पडलेली कारली वेचून पुरली, संध्याकाळी निंबोळीचा अर्क शिंपडला. पानांना भोकं पडली. "अण्णा, यंदा चाळण्या पिकवताय वाटतं," शेजारी म्हणत. अण्णांचा हात पंपाकडे जाई आणि परत येई.

मग एका सकाळी मांडव गुणगुणला; फुलाफुलावर मधमाश्या होत्या. अण्णा कान देऊन उभे राहिले. एवढा आवाज इथून निघून गेला कधी, ते त्यांना कळलंच नव्हतं.

कारली धरली. आधीपेक्षा थोडी कमी, काही वाकडीही. पण औषधाचा खर्च उरला नाही, आणि बिनफवाऱ्याचा माल म्हणून गिऱ्हाईक चार पैसे जास्त देऊन नेऊ लागलं. हंगाम सरला तेव्हा हातात नेहमीपेक्षा जास्त शिल्लक राहिली. अण्णा मात्र अजूनही सकाळी आधी मांडवात जाऊन कान देतात. गल्ला बघतात तो नंतर.

तात्पर्य: जे आपल्या ताटात वाढायला हात धजत नाही, ते विकून झालेला नफा टिकत नाही; रानातले जीव राखले, तरच पीक राहतं आणि पैसाही.