चकतीवरचा लाल दोरा

एकदा एक मिठाचा व्यापारी होता. कोकणातलं मीठ तो लमाणांच्या तांड्याचा प्रमुख सोमला नाईक याच्या बैलांवर लादून घाटावर पाठवी. माल पोचला की घाटमाथ्यावरचा अडत्या पोच म्हणून एक लाकडी चकती खाली धाडी. त्या चकतीखेरीज व्यापाऱ्याचा जगात कशावरच विश्वास नव्हता.

एका खेपेची चकती वेळेवर आली नाही. व्यापाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माल वाटेत लुटला गेला असेल, नाहीतर नाईकानेच गिळला असेल. त्याने त्या मालाच्या बदली पुन्हा तेवढाच माल पाठवायला काढला आणि नाईकाचे निम्मे बैल एका फटक्यात कामावरून काढले. तांड्यातल्या चुली विझायची वेळ आली, तेव्हा नाईक व्यापाऱ्याच्या वृद्ध गुरूंकडे गेला.

गुरू आले आणि नव्या मालाच्या प्रत्येक गोणीला लाल दोरा बांधू लागले. या मालाच्या चकतीलाही असाच दोरा बांधावा, असा निरोप त्यांनी अडत्याला धाडला. नाईकाने यांनाही फितवलं की काय, असं व्यापाऱ्याला वाटून गेलं.

बैल घाट चढून गेले. यथावकाश एक चकती आली. दुसरा माल पोचला, म्हणजे पहिला बुडालाच, असं म्हणत व्यापारी नाईकाकडे रोखून पाहू लागला.

"दोरा कुठे आहे?" गुरूंनी विचारलं.

व्यापाऱ्याने चकती उलटीसुलटी करून पाहिली. दोरा नव्हता.

"ही पहिल्या मालाची पोच आहे. तिला उशीर झाला, एवढंच. सगळ्या चकत्या सारख्याच दिसतात, म्हणून तुझ्या संशयाने त्यातून हवा तो अर्थ काढला."

व्यापारी खजील झाला. यापुढे दर खेपेला एकेक बैल वाढवीन, असं तो मोठ्या उदारपणे म्हणाला.

गुरूंचा स्वर कठोर झाला. "खरंच लूट झाली असती, तर असं जपून वाढवणं शहाणपणाचं ठरलं असतं. पण वाट मोकळीच होती. तुझ्या चुकीची भरपाई नाईकाने का करावी? एका फटक्यात काढलेस, तसेच एका फटक्यात परत दे. आणि चकतीची वाट जरा जास्त पाहायला शीक."

त्याच दिवशी सगळे बैल पुन्हा कामावर आले. व्यापारी नाईकाच्या शेजारी बसून गोण्यांची तोंडं शिवू लागला.

आपलेही संशय कधी ना कधी फिटतात. माणसाला त्याची जागा मात्र आपण एकेक बैलानेच परत देतो.