पांढरा बांध

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा राज्याचा कारभार पैशांवर नाही, भातावर चालायचा. समुद्राकाठी एक छोटंसं राज्य होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे सगळी भातशेती. ही शेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. समुद्राला अडवून धरलं होतं ते दगडमातीच्या एका लांबलचक बांधानं.

बांध कोणी घातला ते कोणालाच आठवत नव्हतं. तो सांभाळायला एक बांधकरी होता. त्याचं काम ऐकायला अगदीच किरकोळ. खेकडे बांधाला बिळं पाडतात, ती बुजवायची. लाटांनी दगड निसटले की परत बसवायचे. माती खचली की नवी टाकून चोपायची. हे सगळं दरवर्षी पावसाळ्याआधी, माणसं लावून करायचं. एक वर्ष आळस केला तर पुढच्या वर्षी बिळात हात जातो आणि त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा माणूस जातो.

बांधाच्या पायथ्याशी, सगळ्यात सखल जागी एक वाडी होती. बांधकऱ्याची एकुलती एक लेक, आवडी, त्याच वाडीत दिलेली होती. बांध फुटला तर पहिलं पाणी कोणाच्या दारात जाईल, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता त्या राज्याची रीत ऐका. सुगी झाली की प्रत्येकाच्या भाताचा सहावा वाटा राजाच्या कोठारात यायचा. गुढीपाडव्याला राजा त्याची वाटणी करायचा. घोड्यांना इतकं, रस्त्यांना इतकं, वैद्यांना इतकं, शाळेला इतकं, वाजंत्र्यांना इतकं, बांधाला इतकं. ज्याला जे मिळालं त्यात त्याने वर्ष काढायचं. आज याला अर्थसंकल्प म्हणतात आणि तो समजावून सांगायला मोठमोठी माणसं बसवावी लागतात. तेव्हा एका मापात काम भागायचं.

वाटणीच्या आधी मांडणी व्हायची. गेल्या वर्षीच्या भाताचं काय केलं, ते प्रत्येक खात्याने राजवाड्याच्या अंगणात मांडून दाखवायचं. ही चाल राजाच्या आजोबांनी काढली होती, चोर पकडायला. चाल वाईट नव्हती. फक्त आजोबा मांडणीच्या आदल्या दिवशी स्वतः अनवाणी बांधावरून चालत जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कारण बांध काही उचलून अंगणात आणता येत नाही. नातू गादीवर आला आणि मांडणी तेवढी राहिली, चालणं सुटलं. ऊन फार लागतं म्हणे.

एका पाडव्याला असंच अंगण भरलं. पागेच्या नाईकाने नवे घोडे उभे केले, वाजंत्र्यांनी चांदीच्या तुताऱ्या मांडल्या. राजा बघत बघत बांधकऱ्यापाशी आला. बांधकरी नुसता हात जोडून उभा होता.

"तुझी मांडणी कुठे आहे?" राजाने विचारलं.

"महाराज, या वर्षी पाणी आत आलं नाही."

"ते आम्हालाही दिसतंय. पण तू केलंस काय?"

"पाणी आत येऊ दिलं नाही," बांधकरी म्हणाला.

अंगणात हशा पिकला. राजाही हसला. कारभारी मात्र हसला नाही, तो हिशेबी माणूस होता. तो म्हणाला, "महाराज, जे झालंच नाही त्यासाठी चाळीस खंडी भात जातंय." राजाने मान हलवली आणि बांधाचा वाटा तीस खंडी केला. उरलेलं दहा खंडी तुताऱ्यांकडे गेलं.

दुसऱ्या पाडव्याला बांधकऱ्याने एक टोपली आणली. तिच्यात बांधावरचा ओला चिखल होता. "महाराज, याच्या सात हजार टोपल्या घातल्या," तो सांगायला लागला. पण टोपलीतून पाणी गळून फरशी खराब होत होती, म्हणून शिपायाने ती आधी बाहेर नेऊन ठेवली. वाटा वीस खंडीवर आला.

बाहेर पडताना पागेच्या नाईकाने बांधकऱ्याला बाजूला घेतलं. माणूस मनाने चांगला होता. "तू भोळा आहेस रे," तो म्हणाला, "एकदा थोडं पाणी येऊ दे की आत. दोन-चार शेतं बुडाली की महाराज पळत येतील. मग माग काय मागायचं ते."

"कोणाची शेतं बुडवू?" बांधकऱ्याने विचारलं. "पहिलं घर माझ्या आवडीचं आहे."

"मग दिसेल असं काहीतरी कर बाबा. आम्ही काय वेगळं करतो?" एवढं बोलून नाईक आपल्या घोड्यांकडे गेला.

त्या वर्षी वीस खंडीत, अडीनडीला काही राखून, निम्मीच माणसं लावता आली. त्यांना घेऊन बांधकऱ्याने जमेल तेवढी बिळं बुजवली. पावसाळा कसाबसा निभावला. दिवाळीनंतर तो लेकीकडे गेला तेव्हा आवडीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"मचूळ लागतंय ना?" आवडी म्हणाली. "महिना झाला, बाबा. आमची विहीर बिघडली."

विहीर बिघडली नव्हती. बांध जिथे वळतो तिथून समुद्र आतून झिरपायला लागला होता. वळणाची जागा उकरून पुन्हा बांधायला बारा खंडी लागणार होतं. आणि त्याच्याकडे नेमकं बारा खंडीच उरलं होतं.

इथे खरी गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका. त्याने बारा खंडी वळणावर घातलं असतं, तर काम सगळं मातीच्या आत गेलं असतं. पाडव्याला दाखवायला पुन्हा काही नाही आणि पुढचा वाटा दहा खंडी. तेवढ्यात बांधाचं एक टोकही सांभाळलं जात नाही. उलट हेच बारा खंडी दिसेल अशा कामाला लावलं, तर महाराज खूश होतील, वाटा वाढेल, मग वळणाचं काम दणक्यात करता येईल. पाडवा झाल्यावर पावसाळ्याला अडीच महिने असतात. तेवढे पुरतील, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस चुकीचं काम करायला निघतो तेव्हा त्याला हिशेब फार चांगला जमतो.

फाल्गुनात त्याने बांधाला चुना मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आतल्या अंगाला, सगळा बांध पांढरा शुभ्र. वळणाच्या ओल्या जागेवर चुना धरेना, तिथे तीन-तीन हात द्यावे लागले. तिथेच शेजारी दगडाच्या पायावर एक मोठी कमान उभी केली आणि पताका लावल्या.

मग बातमी राजवाड्यात गेली आणि राजा पालखीतून बांध बघायला आला. मागे कारभारी, नाईक, वाजंत्री, सगळं लटांबर. कमानीखाली उभं राहून राजाने समुद्राकडे पाहिलं, मग पांढऱ्या बांधाकडे पाहिलं. तो फार खूश झाला.

"आम्हाला कधी सांगितलं नाहीस तू," तो म्हणाला, "की बांध इतका सुंदर आहे. बरं, बांध ठीक आहे ना?"

राजा ज्या जागी उभा होता त्याच्या पायाखाली समुद्र झिरपत होता. बांधकऱ्याने तोंड उघडलं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न सरळ होता, मग चुना कशाला मारलास? गर्दीत वाडीची माणसं होती. आवडी बापाकडे अभिमानाने बघत उभी होती. त्याचं कौतुक होताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"ठीक आहे, महाराज," बांधकरी म्हणाला.

पाडव्याला बांधाला साठ खंडी भात मिळालं. आजवर कधीच मिळालं नव्हतं एवढं. बांधकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी तो कारभाऱ्याकडे गेला आणि वळणाच्या कामाला माणसं लावायची परवानगी मागू लागला.

कारभाऱ्याने वही उघडली. "साठ खंडी कमानींसाठी आहे. पाच नव्या कमानी, शिवाय सगळीकडे चुना. मातीकामाचं काही लिहिलेलं नाही."

"कारभारी, कमानी मागाहून करू. आधी ते वळण नीट करू द्या."

"कमानींचं भात मातीत घातलं, तर उद्या शाळेचं भात घोड्यांच्या तोबऱ्यात जाईल. मग वाटणी करायचीच कशाला?" कारभारी शांतपणे म्हणाला. आणि खोटं काही बोलत नव्हता तो. "शिवाय वळणाला झालंय काय? बांध ठीक आहे, असं तूच म्हणालास. चार लोकांत, महाराजांच्या तोंडावर."

खरं सांगून टाकायला अजूनही वेळ होता. पण राजाशी खोटं बोललो हे सांगायचं म्हणजे वाटा जाणार, काम जाणार, लेकीच्या सासरी मान खाली जाणार. तो मुकाट्याने घरी आला.

त्याने मग दिवसा कमानी बांधल्या आणि पहाटे उठून एकट्याने वळणावर माती टाकली. जावई मदतीला आला, वाडीतली चार माणसं आली. ज्या कामाला दीडशे माणसं हवीत, तिथे सहा जण काय करणार? आवडी न्याहारी घेऊन यायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, महाराज आले तेव्हा ही जागा दाखवलीस ना त्यांना?" तो खाली वाकून माती चोपत राहिला.

श्रावणातल्या अमावास्येला उधाण आलं. वारा समुद्राकडून होता आणि पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. उधाणाची भरती भर दुपारी येते. पुरुष माणसं शेतात होती, घरात म्हातारी माणसं, पोरं आणि जेवणं उरकणाऱ्या बायका. वळणाच्या जागी आधी चुन्याला भेगा पडल्या. त्यातून दुधासारखं पांढरं पाणी वाहायला लागलं. मग बांध बसला. आवाजही फार मोठा झाला नाही. पाणी मात्र डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं.

एकोणीस माणसं गेली. आवडी तिसऱ्या दिवशी सापडली, कमानीच्या पायाशी. कमान तशीच उभी होती, तिचा एक चिरासुद्धा हलला नव्हता. बांधकऱ्याने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. तो इतका रडला की बघणाऱ्यांना त्याच्याजवळ जायचा धीर झाला नाही.

पाणी ओसरलं, पण मीठ मातीत राहिलं. खारं पाणी प्यालेल्या जमिनीत भात होत नाही. त्या वर्षी सुगीच झाली नाही. सुगी नाही म्हणून कोठारात सहावा वाटा नाही. तो नाही म्हणून घोडे विकले, वैद्य दुसऱ्या राज्यात गेले, शाळेला कुलूप लागलं, तुताऱ्या सोनाराकडे गेल्या. सगळ्या खात्यांचं पोट एका बांधावर होतं आणि कापायच्या वेळी आधी त्याचाच वाटा कापला होता, हे तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. लोकांच्या लक्षात यायला नेहमी एवढंच व्हावं लागतं.

पुढच्या पाडव्याला अंगण रिकामं होतं. राजा चौथऱ्यावर बसला होता, शेजारी कारभारी माप घेऊन उभा होता. बांधकरी आला. वर्षभरात तो पार वाकला होता. त्याने फडक्यातून मातीचं एक ढेकूळ काढून फरशीवर ठेवलं. ढेकूळ एका बाजूने पांढरं होतं आणि दुसऱ्या बाजूने काळं.

"ही माझी मांडणी, महाराज," तो म्हणाला. "बांध ठीक नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हाही नव्हता. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. काय शिक्षा द्यायची ती द्या."

कारभारी म्हणाला, "महाराज, याला सुळावर चढवलं पाहिजे."

राजाने ढेकूळ उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "दोन वर्षं हा खरं सांगत होता," तो म्हणाला, "तेव्हा आपण हसलो, कारभारी. तिसऱ्या वर्षी खोटं बोलला, तेव्हा आपण साठ खंडी दिलं." मग त्याने बांधकऱ्याला विचारलं, "वळण बांधायला किती लागेल?"

"तेव्हा बारा खंडी लागलं असतं."

"आणि आता?"

"आता मला मोजता येत नाही, महाराज."

राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने मान खाली घातली. कोठारात बारा खंडीसुद्धा नव्हतं.

राजा उठला, त्याने जोडे काढून ठेवले आणि तो बांधकऱ्याबरोबर अनवाणी बांधाकडे चालत गेला. उशीर झाला होता, पण गेला. बांध पुन्हा उभा राहायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत निम्मं राज्य डोंगरापलीकडे पोट भरायला निघून गेलं आणि त्यातले पुष्कळजण परत आलेच नाहीत. बांधकरी मरेपर्यंत बिनमजुरीने राबला. उरलेल्या बांधावरचा चुना त्याने एकट्याने खरवडून काढला. कमान मात्र कोणी पाडली नाही. वाडीच्या लोकांनीच ती आठवण म्हणून ठेवायला लावली.

तात्पर्य सांगायलाच हवं म्हणून सांगते: राज्याच्या वाटणीत सगळ्यात मोलाचं काम बहुतेक वेळा दिसत नसतं, ते बघायला राजाने आपल्या पायांनी जावं, आणि ज्याला गळती ठाऊक आहे त्याने विचारल्यावर खरं सांगावं. दोघांपैकी एकाने जरी आपलं काम केलं असतं, तरी आवडी जगली असती.